कमरेच्या मणक्यांतील द्वारें व वाढतें वय

रविवारची उपासना आटोपून घरीं परतणाऱ्या मंडळींत एखादे वृद्ध गृहस्थ पुष्कळदां दिसतात. पन्नाससाठ पावलें चालल्यावर ते थबकतात, काठीवर भार देऊन पुढें वांकतात, क्षणभर विसांवा घेतात व पुन्हां चालूं लागतात. बरोबरचीं मुलें कंटाळतात, एखादें हंसतेंही. परंतु या थांबण्याचें कारण आळस नसून शरीररचनेंत झालेला पालट हें असूं शकतें. तो पालट कोणता, हें येथें थोडक्यांत पाहूं.

आपल्या कण्यांत मानेचे ७, छातीचे १२ व कमरेचे ५ असे २४ सुटे मणके आहेत. त्यांच्या खालीं त्रिकास्थि व माकडहाड. कण्याच्या नळींतील मज्जारज्जु प्रौढ मनुष्यांत कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच संपतो. तेथून खालीं मज्जातंतूंचा जुडगा लोंबतो. तो घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो, म्हणून शारीरशास्त्रज्ञांनीं त्याला तेंच नांव दिलें आहे. यांतील एकेक तंतु दोन मणक्यांमधील बाजूच्या द्वारानें बाहेर पडून पायाकडे जातो. कमरेच्या भागांत अशीं प्रत्येक बाजूस ५, मिळून १० द्वारें असतात.

हें द्वार म्हणजे एखाद्या हाडाला पाडलेलें भोंक नव्हे. वरच्या मणक्याची खालची खांच व खालच्या मणक्याची वरची खांच समोरासमोर आल्यानें तें बनतें. त्याच्या पुढच्या बाजूस मणक्यांमधली लवचिक गादी असते व मागच्या बाजूस मणक्यांचा सांधा आणि एक पिवळसर बंध असतो. म्हणजे या चौकटीची उंची बव्हंशीं गादीवर अवलंबून आहे. गादी खचली कीं चौकट बसलीच!

नवजात बालकाचा प्रत्येक मणका कूर्चेनें जोडलेल्या तीन अस्थिखंडांचा असतो. बालपणीं ते खंड एकजीव होतात व मणक्याबरोबर द्वारही वाढतें. तरुणपणीं त्याचा आकार उलट्या धरलेल्या पेरूसारखा, वर रुंद व खालीं निमुळता असतो. तंतु वरच्या रुंद भागांतून जातो व त्याच्या भोंवतीं मऊ चरबी व रक्तवाहिन्या असतात. त्यामुळें तो रगडला जात नाहीं.

तरुण गादीच्या गाभ्यांत शेंकडा ८० हून अधिक भाग पाणी असतें. दिवसभराच्या भारानें त्यांतील थोडें बाहेर पडतें व रात्रीं निजल्यावर परत येतें. विद्यार्थ्यांनीं सकाळीं उठतांच व संध्याकाळीं आपली उंची मोजून पाहावी. सुमारें एक सेंटिमीटरचा फरक आढळेल.

प्रौढपणीं गादीच्या आंतील भागांत रक्तवाहिन्या नसतात. शेजारच्या हाडांतून झिरपेल तेवढ्याच पोषणावर ती जगते. वयोमानानें हें पोषण मंदावतें, पाणी घटतें व गादी चपटी होते. मग वरचा मणका खालीं बसतो, खालच्या मणक्याचा सांध्याचा भाग द्वारांत वर सरकतो, पिवळा बंध जाड होऊन दुमडतो आणि हाडांच्या कडांना कंगोरे फुटतात. पेरूच्या आकाराचें द्वार फटीसारखें होतें. कमरेचा पांचवा तंतु जाड असून त्याचें द्वार त्या मानानें लहान. म्हणून त्याला हा जाच विशेष होतो. कण्याची मधली नळीही याच कारणांनीं आकुंचित होते. दाबलेल्या तंतूमुळें पायांत कळ, मुंग्या किंवा बधिरपणा येतो. १९३४ सालीं बोस्टन येथील मिक्स्टर व बार या शस्त्रवैद्यांनीं सरकलेली गादी तंतूवर कशी दाब आणते, हें दाखवून दिलें. तेव्हांपासून या दुखण्याकडे पाहण्याची दृष्टि पालटली.

आतां त्या वृद्ध गृहस्थांचें वांकणें उमगेल. पुढें वांकल्यानें हीं द्वारें व ती नळी किंचित् उघडतात. ताठ उभें राहिल्यानें वा मागें झुकल्यानें अरुंद होतात. शास्त्र न शिकतांही त्यांच्या शरीरानें हा उपाय शोधून काढला आहे. मात्र पायांच्या रक्तवाहिन्यांच्या विकारानेंही असें थांबावें लागतें. म्हणून कारण कोणतें तें डॉक्टरांनींच ठरवावें.

द्वार अरुंद झालें म्हणजे दुखणें आलेंच, असें नाहीं. पुष्कळ वृद्धांचीं द्वारें चित्रांत अरुंद दिसतात, पण त्यांना कसलाच त्रास नसतो. पिकलेल्या केसांप्रमाणें हीही वयाचीच खूण. परंतु पाय एकाएकीं लुळा पडला, किंवा मलमूत्रावरील ताबा सुटला, तर घरगुती लेपांत वेळ न दवडतां रुग्णालय गांठावें.

नियमित चालणें, पाठीपोटाचे स्नायु बळकट ठेवणें, वजन आटोक्यांत राखणें व तंबाखूपासून दूर राहणें, एवढें तरुणांच्या हातीं आहे. वयाला मात्र कोणी अडवूं शकत नाहीं. ज्या पाठीवर बसून आपण लहानपणीं जत्रा पाहिली, ती पाठ आज वांकली असेल, तर परमेश्वरानें आपल्याला दिलेलें काम सोपें आहे : आपलें पाऊल थोडें आवरावें, आपला हात पुढें करावा, आणि ते थांबतील तेथें आपणही थांबावें.