विम्बल्डनवरचा पहिला विजय

टेनिसचा चेंडू कोणाला ठाऊक नाही? जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुक हे कुकडी नदीच्या काठचे गाव. अशा गावातही सुट्टीच्या दिवशी मुले मोकळ्या जागेत स्टंप रोवतात आणि क्रिकेटचा डाव मांडतात. त्यांच्या हातात बहुधा टेनिसचा चेंडू असतो. चेंडू टेनिसचा, पण खेळ क्रिकेटचा! खरा टेनिसचा खेळ मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी प्रत्यक्ष पाहिलेला असतो.

टेनिससाठी आखलेले सपाट मैदान लागते. त्याला कोर्ट म्हणतात. कोर्टाच्या मधोमध जाळे बांधतात. जाळ्याच्या दोन्ही बाजूंना खेळाडू उभे राहतात आणि रॅकेटने चेंडू टोलवतात. एकाविरुद्ध एक असा खेळ झाला तर ती एकेरी. दोघांविरुद्ध दोघे खेळले तर ती दुहेरी. या खेळाची सर्वांत जुनी आणि मानाची स्पर्धा लंडनमधील विम्बल्डन येथे होते. ही स्पर्धा १८७७ साली सुरू झाली. स्त्रियांचे सामने तेथे १८८४ पासून होऊ लागले. त्यानंतर पन्नास वर्षांनी, १९३४ साली, एका भारतीय स्त्रीने विम्बल्डनवर प्रथमच सामना जिंकला. तिचे नाव लीला राव.

लीलाचा जन्म १९११ साली मुंबईत झाला. तिचे वडील डॉक्टर राघवेंद्र राव हे मुंबईतील नामवंत डॉक्टर होते. आई क्षमाबाई मूळच्या पुण्याच्या. क्षमाबाईंचे वडील शंकर पांडुरंग पंडित हे वेदांचे गाढे अभ्यासक होते. पण क्षमाबाई अगदी लहान असतानाच वडिलांचे छत्र हरपले. लहानपणी त्यांना बरेच कष्ट सोसावे लागले. तरीही त्यांनी विद्येची ओढ सोडली नाही. पुढे त्या संस्कृत भाषेतील कवयित्री म्हणून प्रसिद्ध झाल्या. लोक त्यांना पंडिता क्षमा राव म्हणू लागले.

पण क्षमाबाई केवळ पुस्तकात रमणाऱ्या नव्हत्या. त्या टेनिसही उत्तम खेळत. आज यात कोणाला नवल वाटणार नाही. त्या काळी मात्र ही गोष्ट सोपी नव्हती. मुलींची लग्ने लहान वयात होत. शाळेत जाणाऱ्या मुली थोड्या, आणि मैदानावर उतरणाऱ्या तर त्याहून थोड्या. टेनिस हा खेळ इंग्रजांनी आपल्या देशात आणला. तो जिमखान्यांत आणि श्रीमंतांच्या बंगल्यांत खेळला जाई. तरीही काही स्त्रियांनी धीर केला. मुंबईच्या लेडी मेहरबाई टाटा तर साडी नेसूनच टेनिस खेळत. पुरुष खेळाडूही मागे नव्हते. १९२१ साली भारताचा संघ डेव्हिस करंडकासाठी प्रथमच खेळला. त्या संघात मोहम्मद सलीम, सिडनी जेकब आणि फैझी हे खेळाडू होते. त्या वर्षी त्यांनी फ्रान्सच्या संघाला हरवले.

अशा काळात लीला वाढली. घरात एका बाजूला संस्कृतचे ग्रंथ होते आणि दुसऱ्या बाजूला रॅकेट होती. ‘मुलीच्या जातीला खेळ कशाला?’ असे विचारणारे लोक समाजात पुष्कळ होते. पण जिची आईच कोर्टावर खेळते, त्या मुलीला घरातून कोण अडवणार?

१९३१ साली अलाहाबाद येथे अखिल भारतीय टेनिस स्पर्धा झाली. लीला राव तेव्हा वीस वर्षांच्याही नव्हत्या. त्यांनी स्त्रियांच्या एकेरीचे अजिंक्यपद पटकावले. देशातील अव्वल खेळाडूंमध्ये त्यांची गणना होऊ लागली.

आता डोळ्यांसमोर विम्बल्डन होते. त्या काळी मुंबईहून इंग्लंडला बोटीने जावे लागे. या प्रवासाला दोन-तीन आठवडे लागत. तेथे हवा निराळी आणि माणसेही अनोळखी. शिवाय भारत तेव्हा पारतंत्र्यात होता. दोनच वर्षांपूर्वी, १९३२ साली, क्षमाबाईंचे ‘सत्याग्रहगीता’ हे महात्मा गांधींच्या लढ्यावरील संस्कृत काव्य पॅरिस येथे प्रसिद्ध झाले होते. आईने लेखणी हाती घेतली होती. मुलगी रॅकेट घेऊन राज्यकर्त्यांच्याच मैदानावर त्यांचाच खेळ खेळायला उतरली.

१९३४ सालच्या पहिल्या फेरीत लीला रावांची गाठ ग्लॅडिस साउथवेल या खेळाडूशी पडली. हा सामना लीला रावांनी जिंकला. विम्बल्डनवर सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री हा मान त्यांना मिळाला. दुसऱ्या फेरीत मात्र फ्रान्सच्या इडा अ‍ॅडमॉफ यांनी त्यांना हरवले. पुढच्या वर्षी, १९३५ साली, लीला राव पुन्हा विम्बल्डनला गेल्या. या वेळी पहिल्याच फेरीत इंग्लंडच्या एव्हलिन डिअरमन यांच्याकडून त्यांचा पराभव झाला.

कोणी म्हणेल, ‘एकच सामना तर जिंकला! यात एवढे कौतुक कसले?’ हा प्रश्न रास्त आहे. लीला रावांनी विम्बल्डनचा चषक जिंकला नाही. पण त्या विजयापूर्वी विम्बल्डनच्या विजयांत एकाही भारतीय स्त्रीचे नाव नव्हते. त्यानंतर ते नाव कोणालाही पुसता आले नाही. बंद दाराची कडी एकदाच काढावी लागते. मग ते दार दुसऱ्यांसाठीही उघडते.

पराभवानंतर लीला रावांनी रॅकेट टाकून दिली नाही. मायदेशी त्या पुढेही अनेक वर्षे स्पर्धा खेळत राहिल्या. त्यांचा विवाह हरीश्वर दयाळ यांच्याशी झाला. दयाळ हे पुढे नेपाळमध्ये भारताचे राजदूत होते. लीलाबाईंनी भारतीय शास्त्रीय नृत्यावर पुस्तके लिहिली. आईच्या कथांवरून त्यांनी संस्कृत नाटकेही लिहिली. कोर्टावरची खेळाडू घरी लेखिका झाली. जे आईने केले, तेच मुलीनेही आपल्या रीतीने केले.

लीला रावांच्या विजयानंतर ७१ वर्षे लोटली. २००५ साली सानिया मिर्झा या हैदराबादच्या तरुणीने विम्बल्डनवर एकेरीच्या पहिल्या फेरीचा सामना जिंकला. पुढे २०१५ साली मार्टिना हिंगिस हिच्या जोडीने तिने तेथील दुहेरीचे अजिंक्यपदही मिळवले. सानियाचे नाव आज घरोघरी ठाऊक आहे. लीला रावांचे नाव मात्र फारसे कोणाला माहीत नाही.

लीला रावांना घरची साथ होती आणि घरची स्थितीही चांगली होती. प्रत्येक मुलीला कोर्ट, रॅकेट आणि बोटीचे तिकीट मिळतेच असे नाही. पण ‘जा, खेळ’ हे दोन शब्द म्हणायला पैसे पडत नाहीत. बोरी बुद्रुकच्या मोकळ्या जागेत, किंवा तुमच्या गल्लीत, टेनिसच्या चेंडूने खेळ रंगतो तेव्हा एखादी मुलगी कडेला उभी राहून पाहत असते. मुलांनो, पुढच्या वेळी तिलाही डावात घ्या.

शब्दार्थ
अजिंक्यपद – स्पर्धेतील पहिले स्थान, विजेतेपद
छत्र हरपणे – आधार जाणे, आई किंवा वडील मरण पावणे
पारतंत्र्य – गुलामी
गाठ पडणे – भेट होणे, सामना होणे
रास्त – योग्य, बरोबर
कडी – दार बंद करण्याची साखळी

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लीला राव यांचा जन्म कोठे झाला?
(आ) १९३१ सालची अखिल भारतीय टेनिस स्पर्धा कोठे झाली?
(इ) क्षमाबाईंच्या कोणत्या काव्याचा उल्लेख पाठात आला आहे?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) त्या काळी मुलींना खेळणे कठीण का होते?
(आ) ‘बंद दाराची कडी एकदाच काढावी लागते,’ असे लेखकाने का म्हटले आहे?

३. विरुद्ध अर्थाचे शब्द पाठातून शोधून लिहा.
विजय, स्वातंत्र्य, ओळखीची, गरीब

४. तुमच्या आईला किंवा आजीला विचारा : ‘लहानपणी तुम्ही कोणते खेळ खेळत होता? ते खेळणे केव्हा आणि का थांबले?’ त्यांचे उत्तर आठ-दहा ओळींत मराठीत लिहा.