बाही वर करताना

आई मुलाला स्टुलावर बसवते आणि काही बोलायच्या आधीच त्याची बाही कोपरापर्यंत सरकवते. मनगटाच्या दोन बोटं वर बोराएवढी गाठ. भोवतीची कातडी लालसर. ती लाली गाठीची नाही बरं का! आठ दिवस घरातल्या प्रत्येकानं, अगदी शेजारच्या काकूंनीसुद्धा, ती दाबून पाहिलेली असते.

"दुखत नाही म्हणतो हो. म्हणूनच जास्त भीती वाटते."

न दुखणारी गाठ वाईट, हे आपण भिंतीवरच्या फलकांवर वाचलेलं असतं. मोठ्यांच्या बाबतीत ते अगदीच खोटं नाही. पण मुलांच्या हातावरच्या मऊ गाठी बहुतेक वेळा साध्या निघतात. त्या दिवशी मी खोलीतला दिवा घालवला आणि मोबाइलचा टॉर्च गाठीला टेकवला. आकाशकंदिलासारखी ती आतून तांबूस उजळली. मुलगा खूश! आत डिंकाच्या पाण्यासारखा दाट द्रव होता. सांध्याच्या किंवा कंडरेच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीच्या) आवरणातून असा फुगा येतो, त्याला गँगलियन म्हणतात. मुलांमध्ये तो बरेचदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जिरतो. आमच्या आजोळी त्यावर नाणं दाबून बांधत, कुणी जाडजूड पोथी आपटत. आपटू नका, हाड कोवळं असतं. आणि टॉर्चवरून घरी निदानही करू नका, खात्री सोनोग्राफीनंच होते.

मुलाला घेऊन आलेले एक बाबा मात्र स्वतःच्या बाह्या वर करून उभे राहिले. दोन्ही हातांवर मिळून सहा आवाळं. बोटानं ढकलली की कातडीखाली सटकायची. "माझ्यामुळे त्यालाही झालं का?" चरबीच्या अशा गाठी काही घराण्यांत चालत येतात हे खरं, पण त्या सहसा तिशीच्या पुढे दिसू लागतात, शाळकरी वयात क्वचितच. तेलतूप बंद करून त्या विरघळत नाहीत. वजन उतरतं, आवाळू तिथंच. त्या मुलाच्या हाताला तर काहीतरी चावलं होतं. चार दिवसांत सूज ओसरली.

शेतावरच्या मुलांच्या बाबतीत मी आधी काट्याबद्दल विचारते. बाभळीचा काटा मोडतो, टोक आत राहतं, जखम मिटते आणि दोन-तीन महिन्यांनी तिथं मऊ फुगवटा येतो. काटा कधी रुतला ते पोराला आठवतही नसतं. एक्स-रेमध्ये लाकूड सहसा दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतं. "एक्स-रे तर साफ आला" म्हणून सहा महिने फिरलेलं एक कुटुंब मला अजून आठवतं. नुकतंच सलाईन लागलेलं मूल असेल तर सुईच्या जागी दोरीसारखी गाठ काही दिवस राहू शकते. पडल्यावर आलेल्या टेंगळाचं वेगळं: मूल तो हात वापरेना झालं, तर आधी एक्स-रे.

तान्ह्या बाळाच्या हातावर निळसर किंवा लालभडक मऊ उंचवटा आला आणि आठवड्यागणिक वाढू लागला, तर तो रक्तवाहिन्यांचा असू शकतो. पहिल्या काही महिन्यांत तो वाढतो, वर्षानंतर हळूहळू ओसरू लागतो. पण बाळ लहान असतानाच दाखवा. २००८ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की हृदयासाठी दिलेल्या प्रोप्रॅनोलॉलनं एका बाळाची अशी गाठ फिकी पडतेय. आज गरज असलेल्या बाळांना हेच औषध देतात, मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

आता थोडं रागावून बोलते. बिब्ब्याचा चटका दिलेलं मूल मी पाहिलंय. गाठ होती तशीच, वर भाजल्याचा जन्माचा व्रण. गरम तेलाचं मालीश, चुना, सुईनं टोचणं, यातलं काहीही नको. आणि कुणी सोनोग्राफी न करताच "लहानशी आहे, कापून टाकू" म्हणालं, तर तिथून उठा. क्वचित एखादी गाठ वाईट निघते, आणि नीट न तपासता कापली तर पुढचे उपचार अवघड होतात.

गाठ लाल, गरम झाली, ताप आला, तर त्याच दिवशी या. ५ सेंटीमीटरच्या पुढे गेली, घट्ट झाली, खाली चिकटल्यासारखी हलेना, भराभर वाढू लागली, दुखण्यानं मूल रात्री उठू लागलं किंवा बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तर "परीक्षा झाल्यावर बघू" म्हणू नका.

बाकीच्यांसाठी माझं औषध म्हणजे फूटपट्टी. डॉक्टरांनी एकदा पाहून "थांबू या" म्हटलं, की रोज चाचपायचं नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला गाठीच्या दोन्ही कडांना पेनाची खूण, मधलं अंतर मोजायचं, शेजारी नाणं धरून एक फोटो. मुलासमोर कुजबुज नको. ते आपल्या चेहऱ्यावरून गाठ मोजत असतं.

त्या बोराएवढ्या गाठीच्या आईनं कॅलेंडरच्या चौकटींत आकडे लिहिले होते: १४ मिलिमीटर, १४, १२. चौथ्या महिन्याची चौकट कोरी.

"अहो, मोजायचं विसरलेच!"