अभिप्रायांची मांडणी : तिरुप्पनंदाळचे एक उदाहरण

एखाद्या स्थळाविषयी अनेकांनी दिलेले अभिप्राय एकत्र साठवावयाचे झाल्यास पहिला प्रश्न यंत्राचा नसतो. कोणती गोष्ट कोणाची मानावयाची, हा तो प्रश्न होय. माहिती परस्परसंबद्ध कोष्टकांत मांडण्याचा सिद्धान्त एडगर कॉड यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केला. त्याचे सार असे की, प्रत्येक तथ्य एकाच ठिकाणी नोंदवावे आणि इतरत्र केवळ त्याच्या ओळखक्रमांकाचा निर्देश करावा. लोकांच्या अभिप्रायांसाठी असा डेटाबेस रचताना या तत्त्वाचा कस कसा लागतो, हे कुंभकोणम् परिसरातील तिरुप्पनंदाळच्या उदाहरणावरून पाहता येईल.

प्रथमदर्शनी तीन कोष्टके पुरेशी वाटतात : सदस्य, स्थळ आणि अभिप्राय. अभिप्रायाच्या प्रत्येक नोंदीत सदस्याचा क्रमांक, स्थळाचा क्रमांक, मजकूर, गुण आणि दिनांक असावा. अभिप्राय हा स्थळाचा गुणधर्म नव्हे, तसाच तो केवळ सदस्याचाही नव्हे. तो त्या दोहोंमधील संबंध आहे. म्हणूनच त्यास स्वतंत्र कोष्टक हवे.

परंतु ‘स्थळ’ म्हणजे नेमके काय? येथील शिवमंदिर अरुणजटेश्वराचे म्हणून ओळखले जाते. ताटकेने येथे शिवाची आराधना केली, या आख्यायिकेवरून त्यास दुसरेही नाव मिळाले आहे. नावासाठी एकच स्तंभ ठेवल्यास दुसऱ्या नावाने शोध घेणाऱ्यास मंदिर सापडणार नाही. दोन नोंदी केल्यास एकाच मंदिराविषयीचे अभिप्राय दुभंगतील. यास्तव ‘स्थळनाम’ हे निराळे कोष्टक करून एका स्थळास अनेक नावे जोडणे इष्ट ठरते.

याच गावातील काशीमठाची अडचण नेमकी उलट आहे. सतराव्या शतकातील तमिळ शैव कवी कुमारगुरुपरर यांनी काशीस मठ स्थापिला. पुढे अठराव्या शतकात त्यांच्या परंपरेचे पीठ तिरुप्पनंदाळ येथे आले. काशीचा मठ आणि तिरुप्पनंदाळचा मठ एका परंपरेचे असले, तरी ती दोन स्थळे आहेत. काशीस उतरलेल्या यात्रेकरूची तक्रार कावेरीकाठच्या मठाच्या नावे नोंदली जाणे अन्यायाचे होईल. तेव्हा ‘संस्था’ आणि ‘स्थळ’ वेगळे करावयास हवेत. मंदिरात एका स्थळास अनेक नावे होती. येथे एका संस्थेची अनेक स्थळे आहेत.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकास सर्वाधिक विचार करावयास लावणारा स्तंभ भाषेचा आहे. तो सदस्याच्या कोष्टकात ठेवण्याचा मोह सहज होतो, कारण मनुष्याची भाषा एकच असते असे आपण गृहीत धरतो. तंजावरचा इतिहास हे गृहीतक खोडून काढतो. १६८४ ते १७१२ या काळात राज्य करणाऱ्या शाहजी भोसले यांनी मराठीत नाटके लिहिली, तशी तेलुगूतही. आणि त्यांच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात पात्रे पाच भाषांतून बोलतात. तेव्हा भाषा सदस्यास नव्हे, अभिप्रायास जोडावी. एवढ्यानेही भागत नाही. एकाच अभिप्रायात तमिळ आणि मराठी दोन्ही असू शकतात. एका भाषेत तर अनेक अभिप्राय असणारच. असा संबंध नोंदविण्यासाठी दोहोंच्या मध्ये तिसरे कोष्टक असणे अपरिहार्य आहे.

आता गुणांचा विचार करू. समजा, एका यात्रेकरूने मंदिरास पाच गुण दिले आणि दुसऱ्याने, वाटेच्या त्रासामुळे, एकच दिला. सरासरी तीन येते. पण तीन गुण कोणीच दिलेले नाहीत. गुण कशास दिला, हे कळण्यासाठी ‘निकष’ स्वतंत्र ठेवावा : दर्शन, वास्तू, निवास, वाट. सरासरी मूळ नोंदींतून प्रत्येक वेळी काढता येते. ती सोयीसाठी साठविली तरी मूळ नोंदींची जागा तिला देऊ नये.

एका सदस्याचा एका स्थळाविषयी एकच अभिप्राय, असा नियमही सोपा वाटतो. दर वर्षी येणाऱ्या भाविकाचे मत बदलले तर मात्र या नियमाने जुने मत पुसले जाईल. निर्बंध मुळीच न घातल्यास, एकच व्यक्ती शंभर वेळा लिहून इतरांचा आवाज दाबू शकेल. सदस्य, स्थळ आणि भेटीचा दिनांक या तिहींच्या जोडीने नोंद एकमेव ठरविली, तर पहिली हानी टळते आणि दुसरीस बराच आळा बसतो. अभिप्रायावरील उत्तरासाठी त्याच कोष्टकात मूळ अभिप्रायाचा क्रमांक ठेवावा. टीकेवर टीका लिहिण्याची परंपरा असलेल्या वाङ्मयास ही रचना अपरिचित वाटू नये.

सारांश, कोष्टकांचा आराखडा ही केवळ तांत्रिक सोय नाही. एक स्तंभ चुकीच्या जागी पडला की एखाद्याची भाषा, एखाद्या स्थळाचे नाव किंवा एखाद्याचे आधीचे मत नोंदीबाहेर राहते. पुढील अभ्यासक तेथे शोधू लागेल, तेव्हा त्याला ते कधी होते याचाही पत्ता लागणार नाही.