चार पौंडांचा कोट

प्रश्न : माझा मुलगा इंग्लंडमध्ये लेस्टरला एम.एस्सी. करतो आहे. दर शनिवारी तो तिथल्या चॅरिटी शॉपमधून जुने कोट, पुस्तके, चमचे घेतो आणि ऑनलाइन विकतो. परवा चार पौंडांचा कोट तीस पौंडांना गेला, म्हणून खुशीत होता. लोकांनी दान दिलेल्या वस्तूंवर असा नफा कमावणे मला पटत नाही. हे योग्य आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, ज्याने तो कोट दुकानात आणून दिला, त्याचे दान म्हणजे त्या कोटाचे येणारे पैसे. वस्तू विकायची आणि पैसा संस्थेच्या कामाला लावायचा, यासाठीच ही दुकाने निघाली. ऑक्सफॅम ही संस्था १९४२ मध्ये दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी उभी राहिली. ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवरचे तिचे जुने दुकान आजही चालू आहे. दुकानाने चार पौंड मागितले, तुमच्या मुलाने चार पौंड मोजले. त्यात कुणाचे काही बुडाले नाही. उलट जे कपडे खपत नाहीत, ते किलोच्या भावाने चिंध्यांच्या व्यापाऱ्याकडे जातात. परदेशातले असे कितीतरी जुने कपडे आपल्या पानिपतच्या गिरण्यांत येतात आणि तिथे त्यांचे पुन्हा सूत होते.

मग वरचे सव्वीस पौंड कशाचे? त्यातून आधी टपालखर्च जातो, धुलाई जाते. उरते ती त्याच्या नजरेची किंमत. एक पौंडाच्या टोपलीत काळवंडलेले चमचे पडलेले असतात. चमचा उलटा करून दांड्याच्या मागचे बारीक ठसे पाहावे लागतात. चालता सिंह दिसला तर चांदी, हजारात ९२५ भाग शुद्ध. शेजारी जहाजाचा नांगर असेल तर ती बर्मिंगहॅमला तपासलेली. ‘ईपीएनएस’ ही अक्षरे असली तर नुसता चांदीचा मुलामा. हे शिकायला वेळ द्यावा लागतो आणि त्याचा मोबदला घेण्यात मला काही गैर दिसत नाही.

दोन गोष्टी मात्र त्याने पाळाव्यात. तिथे घासाघीस करू नये, कारण कमी केलेला प्रत्येक पौंड थेट संस्थेच्या कामातून कमी होतो. आणि लहान मुलांचे बूट, थंडीचे जाड कपडे गठ्ठ्याने उचलू नयेत. त्याच गल्लीतल्या एखाद्या आईला नवे परवडत नाही, म्हणून ती या दुकानात येते. इथे तुमची टोचणी अगदी खरी आहे.

पण मला खरी काळजी वेगळीच वाटते, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. तो स्टुडंट व्हिसावर असेल तर स्वतःचा धंदा करण्याची त्याला मुभाच नाही. सत्राच्या काळात पदवीच्या विद्यार्थ्यांना आठवड्याला २० तासांपर्यंत नोकरी करता येते, पण स्वयंरोजगार चालत नाही. आपला वापरलेला कोट विकणे वेगळे. विकण्यासाठीच दर शनिवारी माल घेणे हा व्यापार झाला. पुष्कळ मुले इथे फसतात. वर्षाला १,००० पौंडांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर नाही, असे ती कुठेतरी वाचतात आणि निर्धास्त होतात. ती सवलत खरी आहे, २०१७ पासून आहे, पण ती कराची आहे. व्हिसाची अट तिने सुटत नाही. शिवाय जानेवारी २०२४ पासून अशा ऑनलाइन बाजारांना ठरावीक मर्यादेपुढच्या विक्रेत्यांची माहिती तिथल्या करखात्याला द्यावी लागते. म्हणजे विक्रीची नोंद राहते.

व्हिसाची अट मोडली तर शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागू शकते. चाळीस कोट विकूनही ते नुकसान भरून येणार नाही. तेव्हा आजच त्याला फोन करा. विक्री थांबव आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षात जाऊन व्हिसाच्या अटी नीट विचारून घे, एवढे सांगा. या दुकानांची गोडी लागलीच असेल, तर तिथे स्वयंसेवक म्हणून काम करता येईल का, तेही त्याने त्याच वेळी विचारावे.