सृष्टिनिरीक्षण : ऑस्प्रेचे घरटे

पार्श्वभूमी : मासे धरून जगणारा ऑस्प्रे हा शिकारी पक्षी अंडीचोर व बंदूकधारी यांच्यामुळे ब्रिटनमधून जवळजवळ नाहीसा झाला होता. १९५४ साली स्कॉटलंडमधील गार्टन सरोवराकाठी एक जोडी परतली. १९५८ साली तेथील अंडी चोरीस गेली. १९५९ साली मात्र कडक पहाऱ्यात तीन पिले उडाली. आता त्याच देशातील लोज सरोवराकाठचे घरटे विणीच्या हंगामात कॅमेऱ्यातून थेट पाहता येते. जूनमध्ये आपल्या शाळा उघडतात, तेव्हा पिले घरट्यातच असतात.

निरीक्षण : अंडी मुख्यतः मादी उबविते, मासे नर आणतो. सुमारे ३७ दिवसांनी पिले निघतात, परंतु सर्व एकाच दिवशी नव्हे. अन्न अपुरे पडल्यास धाकटे पिलू मागे पडते, कधी मरतेही.

शिक्षकांस सूचना : असा प्रसंग मुलांपासून लपवू नये. पहारा माणसाच्या चोरीविरुद्ध असतो, निसर्गक्रमाविरुद्ध नव्हे, हे समजावून द्यावे. वहीत ‘दिसले’ व ‘वाटले’ असे दोन रकाने आखून घ्यावेत. ‘नराने मासा आणला’ हे पहिल्यात. ‘आईला दुःख झाले’ हे दुसऱ्यात. हिवाळ्यात ऑस्प्रे महाराष्ट्रातील जलाशयांवरही येतो. तेव्हा हीच वही बरोबर न्यावी.