मधुमेह ‘मुळापासून’ बरा करणारी पावडर



मिस्सा संपल्यावर एका आजींनी मोबाईल पुढे केला. “फादर, ही पावडर मागवली. मोठे डॉक्टरच सांगतात, मधुमेह मुळापासून जातो.” चेहरा खरोखरच एका नामांकित डॉक्टरांचा होता, बोलणे मात्र संगणकाने बनवलेले.

आपल्याकडे 1954 पासून औषधे व चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा आहे. त्याच्या यादीतील 54 आजारांत मधुमेह नावानिशी आहे. त्यावरच्या औषधाची लोकांपुढे जाहिरात करणे हाच गुन्हा. म्हणजे पावडर तपासायचीही गरज नाही, जाहिरातच तिच्याविरुद्ध पुरावा आहे. (2024 साली सर्वोच्च न्यायालयात अशाच जाहिरातींवरून पतंजलीला वर्तमानपत्रांत माफीनामा छापावा लागला.)

“पण शेजारणीची साखर उतरली ना!” उतरू शकते. अशा ‘वनस्पतीजन्य’ पुड्यांत ग्लिबेनक्लामाइडसारखी ॲलोपॅथीचीच औषधे मिसळलेली सापडली आहेत. गुण गोळीचा, नाव पाल्याचे. शिवाय मात्रा ठाऊक नसल्याने साखर एकाएकी घसरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. टाइप 1 च्या मुलाचे तर इन्सुलिन थांबले, की काही दिवसांतच जिवावर बेतते.

मी आजींना विचारले, “डॉक्टरांची गोळी चालू आहे ना?”

“ती कशाला आता? आठ दिवस झाले, बंद केली.”

सोमवारी त्यांना मेडिकलच्या ओपीडीत घेऊन गेलो.