पडदा कोणता, हा दुसरा प्रश्न

इम्प्लांटसाठी जबड्याचं हाड कमी पडतंय असं कळलं की हाडाची भुकटी आणि तिच्यावर झाकायचा पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, यांचा खर्च पुढ्यात येतो. मग पेशंटचा प्रश्न ठरलेला : पडदा देशी की परदेशी? माझ्या मते त्याआधी विचारावं, की वर हिरडी ताण न पडता मिटेल का, आणि मिटलेली राहील का. हिरडीच्या पेशी हाडाच्या पेशींपेक्षा भराभर वाढतात. पोकळी दिसली की त्याच आधी शिरतात. त्यांना अडवायचं, एवढंच पडद्याचं काम. १९८८ मध्ये संशोधक डालिन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या जबड्यात आरपार भोकं पाडली, एका बाजूचं टेफ्लॉनच्या पडद्याने झाकलं, दुसरं उघडं ठेवलं. झाकलेलं हाडाने भरून आलं, उघड्यात मांसल ऊती घुसली. पण झाकणच सरकलं किंवा उघडं पडलं, तर हा सगळा हिशेब फिसकटतो.

सच्छिद्र टेफ्लॉनचे जुने पडदे याच कारणाने त्रासदायक ठरले. हिरडी उकलली की छिद्रांत जंतू शिरत, आणि एरवीही पडदा काढायला दुसरी शस्त्रक्रिया लागेच. म्हणून कोलॅजनचे पडदे आले. ‘ते तर आपोआप विरघळतात, उघडे पडले तर काय बिघडलं?’ असं कुणी म्हणेल. बिघडतं ते वेळेचं. हाड धरायला काही महिने लागतात, आणि तोंडात उघडं पडलेलं कोलॅजन जंतूंची एन्झाइम्स त्याआधीच खाऊन टाकतात. मग भुकटीचे कण बाहेर येऊ लागतात. दाट टेफ्लॉनचा पडदा उघडा राहिलेला चालतो, हेही खरं. पण दात काढलेल्या खोबणीत. हाडाची रुंदी-उंची नव्याने उभी करायची असेल तिथे मिटलेल्या हिरडीला पर्याय नाही.

हिरडी सैल करून नीट शिवणं हे डॉक्टरांचं कसब, त्यात आपण काय करणार, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. तंबाखू, सिगारेट आणि आपल्याकडची मिश्री (ती तर थेट हिरडीवरच चोळतात!) जखम भरू देत नाहीत, आटोक्यात नसलेली साखरही तेच करते. तात्पुरती कवळी टाक्यांवर दाबत असेल तर ती घासून घ्यायला सांगा. ओठ ओढून आरशात टाके बघायचा मोह आवरा, त्या ओढीनेच ते उसवतात. पडद्याची पांढरी कड दिसलीच तर ती उपटू नका, दवाखान्यात दाखवा. उघडं पडलं म्हणजे सगळं गेलंच असं नसतं. आणि कोलॅजन बहुधा डुकराचं किंवा गाईगुरांचं असतं, भुकटीही अनेकदा गुरांच्या हाडाची. ज्याला ते चालणार नाही त्याने संमतीपत्रावर सही करण्याआधीच विचारावं. शिवल्यावर विचारून उपयोग नाही.